एका एकराच्या कापसाची पेटी

यंदा कार्तिकातल्या काकड आरतीत आमच्या भजनी मंडळाची पेटी, म्हणजे हार्मोनियम, मधेच अडली. पहाटेचे पाच वाजले होते, थंडी नुकती पडायला लागली होती, आणि भूपाळीच्या ऐन मध्यावर एक पट्टी दाबली ती वर येईना. सूर आपला वाजतच राहिला. पेटीवर मीच होतो. भाता सोडला, नखाने पट्टी उचलली, पुन्हा धरलं. दोन ओळींनी परत तेच. शेवटी पेटी बाजूला सारली आणि टाळ-मृदंगावर आरती पुरी केली. गाणाऱ्या बायांचे सूर चढत गेले, पुरुषांचे उतरत गेले, आणि कोणाला कुठे धरावं ते कळेना. पेटी काय काम करते ते त्या पहाटे सगळ्या देवळाला कळलं.

बाजाराच्या दिवशी तालुक्याहून पेटी दुरुस्त करणारे काका आले. देवळाच्या ओट्यावर सतरंजी टाकून त्यांनी वरची फळी काढली, पट्ट्या एकेक करून ओळीने मांडल्या. आत उंदरांनी भात्याची घडी कुरतडलेली. सुरांवर, म्हणजे हवेने थरथरून वाजणाऱ्या पितळी पात्यांवर, हिरवट थर. काकांनी एक सूर काढून हातावर घेतला, बारीक कानशीने त्याच्या टोकाशी दोनदा हलकेच घासलं, तोंडाशी धरून फुंकलं, ऐकलं, पुन्हा घासलं. टोकाशी घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. एवढं काम, पण हात हलका हवा आणि कान पक्का. एक घासा जास्त झाला तर तो सूर कामातून गेला. दीड-दोन तास झाल्यावर काकांनी कानस खाली ठेवली. "भाऊ, याले आता किती ठिगळं लावू? हा हंगाम निघून जाईन. पुढच्या साली नवी पाहा."

नवी पाहायला आम्ही नागपूरला गेलो. साधी पेटी बारा-पंधरा हजारांत मिळते, पण देवळात साठ-सत्तर माणसं एका वेळी गातात तिथे ती पोचत नाही, आणि वर्षभरात तिचे सूर फिरतात. एका पट्टीला तीन सूर वाजणारी, कपलरची (एक पट्टी दाबली की दुसऱ्या सप्तकातली तीच पट्टीही दाबली जाते अशी), बऱ्या लाकडाची पेटी मागितली तर आकडा चाळीस हजारांच्या खाली येईना. पट्ट्या सरकवून गाण्याची पट्टी बदलता येते त्या स्केल चेंजरचं तर विचारूच नका. परत येताना एसटीत आमच्यातल्या एका म्हाताऱ्या बुवांनी एवढंच विचारलं, "मले सांगा, पेटी घ्याची का हरभऱ्याचं बी घ्याचं?"

त्यांच्या प्रश्नाने मी घरी येऊन हिशेब मांडला. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये. आमच्याकडे कोरडवाहू एकरात पाच क्विंटल कापूस झाला तर माणूस देवाला नारळ फोडतो. पाच क्विंटलचे झाले ३८,५५०. म्हणजे एका एकराचा सगळा कापूस, बियाणं-खत-फवारणी-वेचणी काहीही वजा न करता, दुकानात नेऊन ओतला तरी पेटीला दीड हजार कमीच पडतात. तेही हमीभाव हातात पडला तर. आणि ज्याला शेत नाही, त्याच्यासाठी याच वर्षीची रोजगार हमीची मजुरी धरली तर दिवसाला ३१२ रुपये. चाळीस हजारांच्या पेटीला त्याचे १२९ दिवस लागतात. तेवढे दिवस त्याने आणि त्याच्या घराने काही खायचं नाही, असं धरून.

हे वाचून कोणी म्हणेल की दुकानदार लुटतो. मला तसं वाटत नाही, आणि हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण महागाईचं बोलणं निघालं की शेवटी खापर कारागिरावर फुटतं. चांगल्या पेटीचं लाकूड आधी नीट वाळलेलं लागतं. त्याला वेळ लागतो, आणि वेळ म्हणजे अडकलेला पैसा. सूर बहुतेक गुजरातेतल्या पालिताण्याहून येतात. खर्ज, नर, मादी (खालचे, मधले, वरचे) असे संच जुळवायचे, प्रत्येक सूर कानाने लावायचा. भाता हवाबंद बसवायचा. यातलं निम्मं काम आजही हातानेच होतं. ते करणाऱ्याचं पोर मोबाइलच्या दुकानात महिन्याला पंधरा हजार कमावत असेल, तर बापाच्या धंद्यात त्याने का यावं? मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. चांगली गोष्ट झाली. पण मानांकनाने पोट भरत नाही. कारागिराला त्याच्या कामाचा दाम मिळाला तरच हात टिकतो. पेटी स्वस्त व्हावी ही माझी मागणी नाही. कापसाला भाव मागणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या कष्टाचा भाव पाडा असं कोणत्या तोंडाने म्हणावं?

मग प्रश्न उरतो तो असा, की कारागिराला पुरेल अशा किमतीचं वाद्य वादकाच्या हातात पोचवायचं कसं?

हा प्रश्न एकट्या पेटीचा नाही आणि एकट्या विदर्भाचाही नाही. शेजारच्या गावात माझा एक मित्र भीमगीतांच्या पार्टीत मँडोलिन वाजवतो. हंगामात जिनिंगवर काम करतो आणि १४ एप्रिलच्या आगेमागे महिनाभर त्याला उसंत नसते. त्याचं मँडोलिन नागपूरहून जुनं घेतलेलं, प्लायवूडचं. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि हवेत ओल म्हणून राहत नाही. लाकूड आकसतं, सरस सोडतो, दांडी वाकते, तारा पडद्यांपासून उचलल्या जातात आणि बोटं रक्ताळतात. पावसाळ्यात तेच लाकूड फुगतं. मित्राने उपाय काढला आहे. साबणाच्या प्लास्टिकच्या डबीला दाभणाने भोकं पाडायची, आत ओला स्पंज ठेवायचा आणि ती डबी वाद्याच्या पेटीत ठेवून द्यायची. एप्रिल ते जून, दर दोन दिवसांनी स्पंज ओला करायचा. त्याच्या घरी पाण्याचा टँकर ज्या दिवशी येत नाही, त्या दिवशीही त्या डबीत पाणी असतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्याच मँडोलिनची अमेरिकेतली गोष्ट त्याने मला सांगितली. मिशिगन राज्यातल्या कालामाझू गावी गिब्सन कंपनीत लॉईड लोअर नावाचा वाद्यतज्ज्ञ होता. त्याच्या देखरेखीखाली १९२२ ते १९२४ या काळात 'एफ-फाइव्ह' नावाचं मँडोलिन तयार झालं. वरची फळी व्हायोलिनसारखी कोरून काढलेली, आत त्याच्या सहीची चिठ्ठी. त्या वेळी त्याची किंमत होती अडीचशे डॉलर. तेव्हा ती जड वाटली, फारशी विकली गेली नाहीत. पुढे १९४० च्या दशकात बिल मन्रो या वादकाला त्यातलंच एक, ९ जुलै १९२३ ची सही असलेलं, फ्लोरिडातल्या एका कटिंगच्या दुकानात दीडशे डॉलरला मिळालं. त्या वाद्यावर त्याने ब्लूग्रास नावाचं अख्खं संगीत उभं केलं. आज लोअरच्या सहीचं मँडोलिन विक्रीला आलं तर एक लाख डॉलरच्या पुढे जातं, म्हणजे आपल्या हिशेबात कोटीच्या घरात. हाताने मँडोलिन घडवणारे आजचे नावाजलेले कारागीरही वीस-वीस हजार डॉलर घेतात आणि तरी गिऱ्हाईक वर्षानुवर्षं रांगेत थांबतं. रोजच्या कार्यक्रमावर पोट असणारा तिथला वादक या रांगेत कुठे असणार? घेणारे बरेचसे निवृत्त डॉक्टर-वकील आणि संग्राहक.

मन्रोच्या गोष्टीत माझं मन त्या कटिंगच्या दुकानापाशी अडकतं. वाद्य तिथे होतं, आणि किंमत अशी होती की फिरस्त्या गवयाला खिशात हात घालता आला. तेच वाद्य त्या दिवशी एखाद्या काचेच्या कपाटात असतं, तर तो दुसऱ्याच कशावर तरी वाजवत राहिला असता. वाद्याला भाव आला यात वाईट काही नाही. वाईट हे की भाव वाढला की वाद्य वाजणाऱ्या हातातून न वाजणाऱ्या हातात जातं. आमच्याकडे अजून कोटीचं मँडोलिन नाही, पण रीत तीच आहे. जिल्ह्याच्या गावी चांगल्या घरांच्या दिवाणखान्यात मी लाखभराच्या पेट्या पाहिल्या आहेत, मखमली कव्हरात. आणि जो माणूस रोज पहाटे वाजवतो त्याच्यापुढे उंदराने कुरतडलेला भाता.

जिथे किंमती आधी वाढल्या तिथल्या लोकांनी यावर वाटही काढली आहे. कॅनडाच्या कला परिषदेने १९८५ साली वाद्यांची बँक सुरू केली. स्ट्रॅडिव्हरीसारख्या जुन्या उस्तादांच्या हातची व्हायोलिनं आणि चेलो त्या बँकेच्या मालकीचे. तरुण वादकांची स्पर्धा घेऊन ती वाद्यं त्यांना तीन वर्षं वापरायला देतात, मुदत संपली की दुसऱ्याला. वादकाला वाद्य विकत घ्यावं लागत नाही आणि वाद्य कपाटात पडून राहत नाही. आपल्याला हे परदेशी थेर वाटण्याचं काही कारण नाही. राष्ट्रसंतांनी मोझरीहून उभं केलेलं गुरुदेव सेवा मंडळाचं काम ज्या गावांत रुजलं, त्या गावांत हे आपण पिढ्यानपिढ्या करत आलो आहोत. खंजिरी, पेटी, टाळ मंडळाचे. ठेवायचे देवळात किंवा प्रार्थना मंदिरात. वाजवणारा बदलतो, वाद्य गावाचं राहतं. माझ्या घरात पेटी कधीच नव्हती. मी शिकलो तो मंडळाच्या पेटीवर, आणि मला कोणी कधी विचारलं नाही की तुझ्या बापाने वर्गणी किती दिली.

त्या जुन्या रीतीला आता सरकारी पैशाची जोड हवी, आणि तो पैसा नीट लागायला हवा. २०२५ च्या गणेशोत्सवात राज्य सरकारने १,८०० भजनी मंडळांना साहित्यासाठी प्रत्येकी २५ हजार रुपये द्यायचं ठरवलं. एकूण साडेचार कोटी. भजनी मंडळाची कोणी आठवण केली याचा मला आनंद झाला, तो मी लपवत नाही. पण राज्यात ग्रामपंचायतीच २७ हजारांहून जास्त आहेत, आणि एकेका गावात दोन-तीन मंडळं असतात. त्यातल्या अठराशेंना मिळालं. ज्यांना मिळालं त्यांनी २५ हजारांत पेटी, तबला, मृदंग, टाळ असा अख्खा संच बसवायचा म्हटलं, तर प्रत्येक वस्तू हलकी घ्यावी लागते. हलकी पेटी दोन वर्षांत मोडते, आणि गावाच्या नावावर मात्र 'साहित्य दिले' अशी नोंद राहते.

हे मी ऐकून लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी एका योजनेतून आमच्या गावाला पेटी मिळाली होती. पुठ्ठ्याच्या खोक्यातून काढली तेव्हा वार्निशचा वास येत होता आणि दिसायला लखलखीत. पहिल्याच दिवशी सा आणि वरचा सा एकमेकांशी जुळेनात. दोन्ही एकदम दाबले की सुरात लाटा उठायच्या, जसा भोंगा दूर जाताना थरथरतो. तक्रार केली तर सांगितलं, पुरवठादार दुसऱ्या जिल्ह्यातला आहे, अर्ज करा. अर्ज केला. पेटी आजही देवळाच्या माडीवर आहे, तिच्यावर सतरंज्या ठेवतो. त्या पैशात त्यांनी आम्हाला काहीच दिलं नसतं आणि जुनी पेटी दुरुस्त करून दिली असती, तरी आम्ही उपकार मानले असते.

"शिकणाऱ्या पोरांना काय, कोणतीही पेटी चालते," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते ऐकलं की मला राग येतो. उलट आहे. ज्याचा कान तयार आहे तो कणसूर पेटीवरही सांभाळून गाईल, कारण खरा सूर कुठे आहे हे त्याला ठाऊक असतं. शिकणाऱ्या पोराला पेटी सांगेल तोच सूर खरा. चुकीच्या सुरावर वर्षभर बसलेला कान सरळ करायला पुढे दोन वर्षं जातात. मी तीन-चार पोरांच्या बाबतीत ते करून पाहिलं आहे, आणि एकाच्या बाबतीत हरलो. गोड गळ्याची मुलगी होती. तिला वाटलं आपल्यालाच गाता येत नाही.

गाडगेबाबांचं नाव घेऊन दुसरा एक मुद्दा काढला जातो. बाबांच्या हाती खराटा होता, अंगावर चिंध्या होत्या, 'गोपाला गोपाला देवकीनंदन गोपाला' म्हणत त्यांनी गावंच्या गावं हलवली, त्यांना कुठे चाळीस हजारांची पेटी लागली? खरं आहे. पण बाबांनी साधेपणा स्वतःसाठी धरला. लोकांसाठी त्यांनी धर्मशाळा बांधल्या, पक्क्या दगडाच्या, शंभर वर्षं टिकतील अशा. गरिबाला हलकी वस्तू पुरते असं त्यांनी कधी मानलं नाही. त्यांचं नाव घेऊन गावाला हलकी पेटी देणं मला पटत नाही.

कीबोर्ड घ्या, म्हणणारेही आहेत. दहा-बारा हजारांत शंभर आवाज. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आले, रात्रभराच्या प्रयोगाला त्यांचा उपयोग आहे, मी नाकारत नाही. पेटीही काही पवित्र वस्तू नव्हे. तिचे सूर आपल्या श्रुतींना पुरत नाहीत म्हणून आकाशवाणीने १९४० पासून तिला तीस वर्षं दाराबाहेर ठेवलं होतं. पण आमच्या काकड आरतीच्या वेळी वीज असेलच असं नाही. आणि भजनात पेटीचा भाता गाणाऱ्याच्या दमाबरोबर चालतो. म्हाताऱ्या आजीबाई ओळ संपवताना अर्धा श्वास थांबल्या की हात आपोआप थांबतो. कीबोर्डच्या बटनाला तो श्वास कळत नाही.

मला जे हवं आहे ते सांगतो. तालुक्याच्या ठिकाणी जुनं, चालतं वाचनालय असतंच. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने राज्यातल्या गावोगावच्या वाचनालयांना वर्ग ठरवून अनुदान दिलं, त्यातून पुस्तकं गावात फिरली. तशीच तालुक्यातल्या एका वाचनालयात वाद्यांची एक खोली असावी. चार-पाच उत्तम पेट्या, दोन-तीन तबल्याच्या जोड्या, मित्रासारख्यांसाठी एखादं खऱ्या लाकडाचं मँडोलिन. मंडळाने, शाळेने, पार्टीने नोंद करून वर्षभरासाठी न्यायचं, सांभाळायचं, परत आणायचं. खरेदी करताना कंत्राटाचा सर्वात कमी दर बघून निकाल लावू नये. वाजवणारे दोघे-तिघे बसवावेत आणि त्यांनी प्रत्येक पेटी वाजवून घ्यावी. आणि सगळ्यात आधी दुरुस्तीचा पैसा बाजूला काढावा. आमचे दुरुस्तीवाले काका सत्तरीला आले आहेत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, हाताखाली शिकायला पोरगं कोणी नाही, कारण यात पगार नाही. एका तालुक्याने त्यांना महिन्याला ठराविक मानधन देऊन दोन पोरं शिकवायला सांगितली, तर तो खर्च एका चांगल्या पेटीच्या खर्चाहून फार मोठा नाही, आणि त्यातून पुढची तीस वर्षं दोनशे पेट्या जिवंत राहतील. आलापल्लीच्या जंगलातलं सागवान २०२३ साली बल्लारपूरच्या डेपोतून अयोध्येच्या राममंदिराला गेलं, तेव्हा आम्हा सगळ्यांची छाती फुगली होती. त्याच सागवानाच्या चार फळ्या पेटी घडवायला शिकणाऱ्या इथल्या पोराला मिळाल्या, तर त्याच्या हातची पेटी याच जंगलाच्या कडेला वाजेल.

आंध्रातल्या पालकोल्लू गावी १९६९ साली जन्मलेल्या यू. श्रीनिवास या मुलाने सहाव्या वर्षी वडिलांचं मँडोलिन उचललं. वडील वादक होते, वाद्य घरात होतं. दक्षिणेच्या शास्त्रीय संगीतात तोवर या वाद्याला कोणी जागा दिली नव्हती. या पोराने ती मिळवली आणि जगभर वाजवून आला. २०१४ साली, पंचेचाळिशीतच तो गेला. त्याची बुद्धी मोठी होती, रियाज मोठा होता, पण सगळ्याच्या आधी त्याचा हात पोचेल अशा जागी एक वाद्य होतं. आमच्या वस्तीत असे किती हात आहेत ते मला मोजता येणार नाही. पोचेल अशा जागी वाद्यं किती आहेत, ते मात्र मोजता येतं. आमच्या गावात एक, तेही काकांनी आणखी एका हंगामापुरतं तगवलेलं.

मंडळाची बैठक झाली. वर्गणी ठरली ती पैशात नाही. ज्याच्या घरी कापूस आहे त्याने वेचणीतला पाच किलो द्यायचा, ज्याच्या घरी नाही त्याने एक दिवस वेचायला यायचं. ज्या बुवांनी हरभऱ्याच्या बियाण्याचं विचारलं होतं, ते सगळ्यात आधी गोणपाट घेऊन आले. आत्ता देवळाच्या माडीवर, त्या सरकारी पेटीच्या शेजारी, दीड क्विंटलच्या आसपास कापूस जमला आहे.